नियमातून जन्मलेली गाडी

१९८८ च्या मोसमात मॅक्लारेनच्या ‘एमपी ४/४’ या गाडीनं सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. आठ आयर्टन सेनानं, सात अलाँ प्रोस्टनं. पुढच्या वर्षी ती गाडी शर्यतीच्या रांगेत उभी करायलाही मनाई होती. तिच्यात काही बिघाड झाला नव्हता आणि तिच्याहून वेगवान गाडीही कुणी बांधली नव्हती. १९८९ पासून टर्बो इंजिनांवर बंदी आली आणि होंडाचं दीड लिटरचं ते अजोड इंजिन एका कलमानं इतिहासजमा झालं. फॉर्म्युला वनच्या पाऊणशे वर्षांत असं पुन्हा पुन्हा घडलं आहे. गाड्यांची एक पिढी ऐन भरात असते, तेवढ्यात नियमपुस्तिका बदलते आणि सगळ्यांना कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागते.

या शर्यतींची जी बातमी आपल्यापर्यंत येते ती विजेत्याच्या नावानं येते. फँजिओ, क्लार्क, लाउडा, सेना, शूमाकर, हॅमिल्टन, वेरस्टॅपेन अशी माळ वाचकाला पाठ असते. पण सेनाची गाडी सेनानं चालवण्याआधी कुणीतरी आखली होती, आणि आखणाऱ्याच्या टेबलावर सर्वांत आधी जी वस्तू होती ती म्हणजे त्या वर्षीचे तांत्रिक नियम. इंजिन किती मोठं, गाडी किती रुंद, किमान वजन किती, पंख कुठे आणि किती उंच, इंधन किती, हे सारं तिथे लिहिलेलं असतं. अभियंत्याची प्रतिभा त्या चौकटीला दिलेलं उत्तर असते. उत्तरांचं कौतुक पुष्कळ झालं आहे. या पुस्तकाला प्रश्नांचा इतिहास सांगायचा आहे.

पूर्ण्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट समजायला फारसे सायास पडत नाहीत. आमचं गाव रेल्वेवर उभं राहिलं. मनमाड–सिकंदराबादचा मार्ग आणि हिंगोलीमार्गे अकोल्याकडे जाणारा फाटा, दोन्ही एके काळी मीटरगेजचे. मुख्य मार्ग आधी रुंद झाला, अकोल्याचा फाटा २००८ मध्ये. दोन रुळांमधलं अंतर १,००० मिलिमीटरवरून १,६७६ वर गेलं, एवढाच काय तो बदल. पण त्या एका आकड्यासरशी धडधाकट इंजिनं, डबे, चाकांच्या जोड्या आणि त्यांची दुरुस्ती जाणणारे हात, सगळ्यांचा हिशेब नव्यानं मांडावा लागला. यंत्राचं आयुष्य यंत्राच्या तब्येतीवर ठरत नाही, ज्या मापात ते बसवलं आहे त्या मापावर ठरतं. मोटार शर्यतींत हे दर काही वर्षांनी, जगाच्या डोळ्यांदेखत आणि कोट्यवधी डॉलर पणाला लावून घडतं.

जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला झाली. नियम सुटसुटीत होता: सुपरचार्जर लावायचा तर इंजिन दीड लिटरचं, नाही तर साडेचार लिटरपर्यंत. अल्फा रोमेओनं पहिला पर्याय घेतला. युद्धाआधी आखलेली त्यांची ‘१५८’ सुसाट होती, पण इंधनाची भुकेली. फेरारीनं दुसरा पर्याय घेतला; इंजिन मोठं, तहान कमी, थांबे कमी. १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनलाच होसे फ्रॉइलान गोंझालेझनं फेरारीतून अल्फाला हरवलं. एकाच कलमाची दोन वाचनं एकमेकांशी लढली, अशी ही पहिली मोठी लढत. ती मला पुढच्या सगळ्या इतिहासाची बीजकथा वाटते.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जी क्रांती झाली तिला मात्र नियमानं फक्त दार उघडं ठेवलं होतं. इंजिन चालकाच्या पुढे असावं की मागे, याबद्दल पुस्तिका गप्प होती. सर्बिटनच्या छोट्या गॅरेजमधल्या कूपर पितापुत्रांनी इंजिन मागे टाकलं. १९५८ मध्ये अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉस त्या गाडीतून जिंकला, १९५९ आणि १९६० मध्ये जॅक ब्रॅबम अजिंक्य ठरला. बैल गाडीला ओढतात, ढकलत नाहीत, असं एन्झो फेरारी म्हणाल्याचं सांगतात. पण थोड्याच काळात त्यांच्या गाड्यांचं इंजिनही चालकाच्या पाठीमागे गेलं.

या काळापासून गाडी बांधणाऱ्यांची घराणी स्पष्ट दिसू लागतात. इटालियन घराण्याचा जीव इंजिनात. बाकीची गाडी म्हणजे इंजिन वाहून नेणारं साधन. ब्रिटिश घराणं गॅरेजांतून आलेलं. इंजिन विकत घ्यायचं आणि सारी बुद्धी सांगाड्यावर, वजनावर, वळणातल्या पकडीवर खर्च करायची. लोटसचे कॉलिन चॅपमन हे त्याचे मुकुटमणी. १९६२ च्या त्यांच्या ‘लोटस २५’ मध्ये नळ्यांचा सांगाडा जाऊन पत्र्याचं सलग कवच आलं. १९६७ मध्ये फोर्डच्या पैशानं आणि कीथ डकवर्थ यांच्या बुद्धीनं कॉसवर्थचं ‘डीएफव्ही’ इंजिन आलं, झांडवोर्टला पहिल्याच शर्यतीत जिंकलं आणि पुढे ते कुणालाही विकत मिळू लागलं. १९८३ पर्यंत त्यानं १५५ विजय मिळवले. लहान चमूंना ते इंजिन मिळालं नसतं, तर सत्तरच्या दशकातली ती विलक्षण विविधता दिसलीच नसती. जर्मन घराणं कारखान्याचं: गाडीचा प्रत्येक भाग एकाच योजनेत बसवायचा. १९५४-५५ मध्ये मर्सिडीजनं ते दाखवलं, आणि २०१४ नंतर पुन्हा, आणखी जोरात. जपानी होंडाची वाट इंजिनातून गेली, अनेकदा माघार घेत आणि परत येत. या सगळ्यांवर हळूहळू हवेच्या अभ्यासकांचं घराणं चढलं, आणि आज एड्रियन न्यूई यांचं नाव विजेत्या चालकाच्या बरोबरीनं घेतलं जातं.

हवेचं प्रकरण मुळातून समजून घ्यायला हवं, कारण निम्मी नियमपुस्तिका त्याच्याशी झगडण्यात गेली आहे. विमानाचा पंख हवेनं वर उचलला जातो. तोच उलटा बसवला तर गाडी रस्त्यावर दाबली जाते. दाब वाढला की टायरची पकड वाढते, पकड वाढली की वळणात वेग तेवढा कमी करावा लागत नाही. यालाच डाउनफोर्स म्हणतात. १९६८ पासून बारीक खांबांवर उंच पंख दिसू लागले. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइक रस्त्यावर लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडले, ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट दोघांनाही भीषण अपघात झाले. पुढच्याच मोनाकोच्या शर्यतीत, सराव सुरू झाल्यावर, ते उंच पंख बंद करण्यात आले.

चॅपमन यांनी मग गाडीचा तळच पंखासारखा केला. ‘लोटस ७८’ आणि १९७८ ची ‘लोटस ७९’ यांच्या पोटाखालून हवा वेगानं धावे, तिचा दाब घटे आणि गाडी जमिनीला चिकटे. हवा बाजूनं आत शिरू नये म्हणून कडांना खाली सरकणारी पट्टी, म्हणजे स्कर्ट, लावलेला असे. मारियो अँड्रेटी त्या वर्षी अजिंक्य ठरला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ब्रॅबम चमूचे अभियंते गॉर्डन मरे यांनी आपल्या गाडीच्या मागे मोठा पंखाच बसवला. इंजिन थंड करण्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. पण तो गाडीखालची हवा ओढून बाहेर टाकत होता. निकी लाउडा आरामात जिंकला आणि गाडी पुन्हा धावली नाही.

आता पुढचा भाग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत प्रिय आहे. वळणातले वेग जिवावर बेतू लागले म्हणून १९८१ साठी नियम झाला: सरकते स्कर्ट बंद, आणि गाडी व जमीन यांत किमान सहा सेंटिमीटर अंतर हवं. अंतर मोजायचं कुठे? गाडी उभी असताना. धावत्या गाडीखाली पट्टी कोण धरणार? मरे यांनी ब्रॅबमच्या ‘बीटी ४९ सी’ ला द्रव आणि हवेवर चालणारं असं सस्पेन्शन दिलं, की गाडी वेगात आली की हवेच्या दाबानंच ती खाली बसे आणि शर्यतभर तशीच राहे. वेग उतरला की हळूहळू वर येई आणि मोजणाऱ्यासमोर सहा सेंटिमीटर भरे. नेल्सन पिके त्या वर्षी अजिंक्य झाला. कलमाचा एकही शब्द मोडला नव्हता. नियम लिहिणाऱ्याला जे वाटत होतं आणि नियमात जे मोजलं जात होतं, त्या दोहोंतल्या फटीतून ती गाडी गेली. अखेर १९८३ मध्ये गाडीचा तळ सपाटच हवा असा हुकूम निघाला.

टर्बोची कहाणी वेगळ्या अर्थानं बोधक आहे. १९६६ च्या नियमांत साध्या इंजिनाला तीन लिटर आणि हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाला दीड लिटर अशी मुभा होती. दुसरा पर्याय अकरा वर्षं कुणी उचललाच नाही. १९७७ मध्ये रेनॉची टर्बो गाडी धूर सोडत, थांबत, बिघडत आली. १९७९ मध्ये दिजोंला जिंकली. आणि ऐंशीचं दशक मध्यावर आलं तोवर टर्बो इंजिनं पात्रता फेरीत हजार अश्वशक्तीच्या पलीकडे गेली होती. मग नियमानं इंधनाची टाकी आवळली. १९८४ मध्ये २२० लिटर, १९८६ मध्ये १९५, १९८८ मध्ये टर्बोसाठी १५० लिटर आणि दाब अडीच बार. शेवटचं वर्ष म्हणून अनेकांनी हात आखडता घेतला. होंडानं एकाच मोसमासाठी नवं इंजिन बांधलं, आणि सोळापैकी पंधरा शर्यतींचा तो विक्रम झाला.

नियम का बदलतात? कारणं मुख्यतः तीन: मृत्यू, खर्च आणि कंटाळा. तिसऱ्या कारणानं केलेले नियम मला नेहमी सर्वांत कच्चे वाटत आले आहेत. पहिल्या कारणाची किंमत माणसांनी मोजली. १९९४ मध्ये इमोलाला रोलँड रात्झेनबर्गर आणि सेना लागोपाठच्या दोन दिवसांत गेले. त्या मोसमाच्या आरंभी सक्रिय सस्पेन्शनसारख्या इलेक्ट्रॉनिक मदती काढून घेतल्या होत्या. अपघातांनंतर मोसम चालू असतानाच गाड्यांचा वेग कमी करण्याची धडपड सुरू झाली. त्यातून गाडीच्या तळाला दहा मिलिमीटर जाडीची फळी आली. गाडी फार खाली बसवली की फळी घासते, एक मिलिमीटरहून जास्त झिजली की गाडी बाद. उभ्या गाडीखाली अंतर मोजण्यातली जुनी फट लाकडाच्या एका फळीनं बुजवली: ती धावतानाचा पुरावा जपून ठेवते. १९९४ मध्येच स्पाला शूमाकरचा विजय त्या फळीपायी गेला. २०२३ मध्ये ऑस्टिनला हॅमिल्टन आणि लक्लेर तिच्यामुळेच बाद झाले. इतका साधा आणि इतका टिकलेला नियम दुसरा दाखवता येणार नाही.

२०१८ मध्ये चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची कमान, हेलो, सक्तीची झाली तेव्हा ती कुरूप आहे म्हणून पुष्कळ ओरड झाली. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये रोमाँ ग्रोझाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसून पेटली, आणि तो त्या आगीतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. त्यानंतर ती ओरड ऐकू आली नाही.

खर्चाच्या बाजूनं पाहिलं तर २००९ आणि २०१४ ही दोन वर्षं शेजारी ठेवण्याजोगी आहेत. २००८ च्या डिसेंबरात मंदीमुळे होंडानं पाय काढला. रॉस ब्रॉन यांनी चमू हाती घेतला. नव्या नियमांत डिफ्युझरच्या, म्हणजे तळाखालची हवा मागून बाहेर सोडणाऱ्या भागाच्या, व्याख्येत एक मोकळी जागा होती. ब्रॉनसह तीन चमूंनी ती ओळखली, बाकीच्यांनी तक्रार केली, एप्रिलमध्ये अपील न्यायालयानं ती वैध ठरवली. जेन्सन बटननं पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या आणि एका मोसमापुरतंच आयुष्य असलेल्या त्या चमूनं चालकांचं आणि निर्मात्यांचं अशी दोन्ही अजिंक्यपदं नेली. नियम बदलतो तेव्हा गरिबाला संधी मिळते, याचं हे लखलखीत उदाहरण. २०१४ मध्ये उलट घडलं. शर्यतीला १०० किलो इंधन आणि तासाला १०० किलोपेक्षा जास्त प्रवाह नाही, या अटीनं प्रश्नच बदलला: एका किलो पेट्रोलातून जास्तीत जास्त काम कोण काढतो? मर्सिडीजनं टर्बोचे दोन भाग इंजिनाच्या दोन टोकांना नेले, वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज काढली, आणि सलग आठ वर्षं निर्मात्यांचं अजिंक्यपद राखलं. ते इंजिन पुढे चाचणी बाकावर पन्नास टक्क्यांहून अधिक कार्यक्षम ठरलं. अशा प्रश्नाला सगळ्यांत चांगलं उत्तर पैसेवाल्या कारखान्याकडेच असणार होतं. म्हणून २०२१ पासून पैशालाच माप लावलं गेलं: त्या वर्षी १४.५ कोटी डॉलर. जिंकणाऱ्याला पवनबोगद्यात कमी वेळ, हरणाऱ्याला जास्त, हेही त्याच वर्षापासून. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतला सर्वांत परिणामकारक तांत्रिक नियम हाच, जरी त्यात गाडीच्या एकाही भागाचा उल्लेख नाही.

आपल्याकडे ही शर्यत उशिरा आणि थोडकाच काळ आली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती भरत. मारुतीच्या छोट्या इंजिनावर ‘फॉर्म्युला मारुती’ धावे. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये, करुण चंडोक २०१० मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोचले. ग्रेटर नोएडात २०११ ते २०१३ तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलनं जिंकल्या, आणि पुढे काही नाही. महाराष्ट्रात कोल्हापूरनं कार्टिंगची परंपरा जपली; तिथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. मराठवाड्यातून कुणी नाही.

तरीही हा विषय आपला आहे, आणि तो इंजिनिअरिंगच्या वाटेनं आपला आहे. १ एप्रिल २०२० ला वाहनांच्या धुराच्या नियमांत देश बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर गेला. चाकण, पिंपरी, वाळूजमधल्या किती तरी अभियंत्यांनी त्याआधीची वर्षं एका नियमपुस्तिकेचं उत्तर शोधण्यात घालवली. ते काम आणि मरे यांचं काम एकाच जातीचं. बाजा, सुप्रा, फॉर्म्युला भारत या विद्यार्थी स्पर्धांत उतरणाऱ्या मुलांच्या हातीही पहिल्यांदा पाना येत नाही, नियम येतात. चालक पाच सेकंदांत गाडीबाहेर येऊ शकला पाहिजे, हे वाक्य नीट वाचलं नाही तर वर्षभर वेल्डिंग केलेला सांगाडा तपासणीतच अडकतो. आयआयटी मुंबईचा चमू विजेवरची गाडी घेऊन सिल्व्हरस्टोनला जाऊन आला. पूर्णा, वसमत, गंगाखेडची मुलं पुण्या-नांदेडच्या महाविद्यालयांत जातात, त्यांच्या हाती या विषयावरचं मराठी पुस्तक असावं, एवढ्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

आणि आत्ताच लिहिण्याचं कारण २०२६. एवढे बदल एकदम क्वचितच झाले असतील. गाडी अरुंद, आखूड आणि हलकी: रुंदी २,००० वरून १,९०० मिलिमीटर, किमान वजन ८०० वरून ७६८ किलो. उष्णतेतून वीज काढणारं यंत्र गेलं. ब्रेकिंगमधून वीज काढणाऱ्या यंत्राची ताकद १२० वरून ३५० किलोवॅट झाली, म्हणजे जवळपास अर्धी शक्ती विजेची. इंधन पूर्णपणे शाश्वत स्रोतांतलं. पुढचे-मागचे पंख धावताना कोन बदलणारे. आउडी आली, फोर्ड परतला, अकरावा चमू म्हणून कॅडिलॅक आला. आणि मोसम सुरू होण्याआधीच वाद पेटला तो इंजिनातल्या दाबगुणोत्तराचा. मर्यादा १६ ला १; पण तेव्हा मोजायचं ठरलं होतं ते थंड इंजिनावर. तापल्यावर धातू प्रसरण पावून ते वाढलं तर? उभ्या गाडीखालचे सहा सेंटिमीटर पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा दारात आले.

या पुस्तकात शर्यतींचे निकाल ओळीनं सापडणार नाहीत, चालकांची भांडणंही नाहीत. काळाचे टप्पे मी विजेत्यांवरून पाडलेले नाहीत. ज्या वर्षी प्रश्न बदलला तिथे टप्पा. त्यामुळे काही प्रसिद्ध गाड्यांना दोन ओळी मिळाल्या आहेत, आणि टिरेलच्या सहाचाकी ‘पी ३४’ ला एक सबंध प्रकरण. ती १९७६ मध्ये स्वीडनला पहिली-दुसरी आली, तिच्या छोट्या टायरांचा विकास थांबला म्हणून मागे पडली, आणि चार चाकं सक्तीची करणारं कलम त्यानंतर काही वर्षांनी आलं. नियमाच्या आधीच मेलेली कल्पना कशी दिसते, ते मला सावकाश पाहायचं होतं. डाउनफोर्स, डिफ्युझर, टर्बो हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण गॅरेजमध्ये आणि वर्गात तेच बोलले जातात. गणित शाळेच्या दहावीपलीकडे जात नाही.

प्रत्येक प्रकरण त्या वर्षीच्या कलमापासून सुरू होतं. कलम साध्या मराठीत दिलं आहे आणि त्याखाली अर्धं पान कोरं ठेवलं आहे. पान उलटण्याआधी तिथे पेन्सिलीनं लिहून पाहावं: यात नेमकं काय मोजलं आहे, कुठे आणि केव्हा मोजलं आहे, आणि आपण गाडी कशी बांधली असती. चॅपमन, मरे, ब्रॉन यांनी काय केलं ते पुढच्या पानावर आहे.